लाल झालेली पाचची नाणी

आक्का नाणं बघायच्या नाहीत, ऐकायच्या.

दुकानात गल्ल्याशेजारी शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवलेला होता, पाटाएवढा. गिऱ्हाइकानं पैसे पुढं केले तरी आक्का हात पुढं करायच्या नाहीत. मानेनं खूण करायच्या, टाक. नाणं फरशीवर पडायचं, उडायचं, गरगर फिरून आडवं व्हायचं, तोवर आक्कांचे डोळे मिटलेले. मग त्या म्हणायच्या, दोनचं हाय, कडेला ठोका बसलाय. आणि डोळे उघडून उचलायच्या. खरंच कडेला ठोका असायचा. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलंय. जुनी माणसं मात्र कुठं वेडंवाकडं नाणं हाती आलं की ते राखून ठेवायची आणि आक्कांच्या फरशीवर टाकून बघायची. नऊ वर्षं मी त्या दुकानात कामाला होते. नाण्याच्या बाबतीत आक्कांना 'माहीत न्हाई' म्हणताना मी एकदाच ऐकलं, आणि तेही माझ्यामुळं.

दुकान चारठाण्यात बाजारगल्लीला. किराणा, भुसार, थोडं पूजेचं सामान. मालक गेल्यावर आक्कांनीच ते चालवलं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हिरवं किंवा जांभळं इरकली लुगडं आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. ते नख नाणी खरवडायला. दुसरी बाई मेंदी लावून नख मिरवते, आक्का ते नख गिऱ्हाइकासमोर उलट्या वाटीवर घासून नीट करायच्या. मी मागच्या पडवीत दाणे निवडायचे, पुड्या बांधायचे, झाडलोट करायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चार माणसांत मी तोंड उघडायचे नाही. पुढच्या दारातून मी कधी दुकानात आले नाही. काही गिऱ्हाइकांना तर मी मुकीच वाटायचे.

सकाळी आक्का लिंगपूजेला बसायच्या ती दुकानातच. डाव्या तळहातावर लिंग, नजर त्यावर. त्या वेळात त्या बोलत नसत. पण दुकान उघडं असायचं. गिऱ्हाईक यायचं, डब्यातून आपल्या हातानं चहापत्तीची पुडी घ्यायचं आणि फरशीवर नाणं टाकायचं. आक्कांची नजर लिंगावरून हलायची नाही, पण उजव्या हाताची बोटं वर व्हायची. दोनला दोन बोटं, पाचला पंजा, दहाला मूठ. नाण्यात खोट असली तर करंगळी हलायची. एकदा त्यांच्या घरचे गुरू, जंगमस्वामी आले होते, त्यांनी हे बघितलं आणि म्हणाले, आक्का, पूजेत ध्यान देवाकडं असावं. पूजा संपल्यावर आक्कांनी त्यांना पाया पडून विचारलं, "ध्यान देवाकडंच हुतं, स्वामी. कान कुठं ठिवायचे तेवढं सांगा." स्वामी हसले आणि गुळाची ढेप घेऊन गेले.

खराब नाण्याशी त्या माहेरी आलेल्या लेकीशी बोलावं तशा बोलायच्या. भोक पाडलेलं नाणं आलं की म्हणायच्या, हिचं नाक कुणी टोचलं गं? मग भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवून सांगायच्या, खिळ्यानं पाडलंय, लेकराच्या करदोड्यात हुतं, लेकरू मोठं झालं, सोडून टाकलं. पांढरी पुटं चढलेलं नाणं आलं की म्हणायच्या, चुन्याच्या डबीत ऱ्हायलंय. काळं पडलेलं नाणं हुंगून सांगायच्या, हे कापराचं काळं हाय, चुलीचं न्हाई. बांगड्या विकायला येणाऱ्या कासारणीनं एकदा पानासारखा पातळ झालेला एक रुपया टाकला. त्याला आवाजच नव्हता. आक्कांनी तो उलटा केला, त्यावरचे खडीचे वण बघितले आणि म्हणाल्या, "रुळावर ठिवला हुता कुणीतरी. तुझं माहेर चुडाव्याचं ना? तिकडूनच आला ह्यो." कासारीण चाट पडली. तिच्या भाचरांनी चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर रुळावर तो ठेवला होता. आक्कांनी तो घेतला, एक रुपयाच्या सुपाऱ्या दिल्या, आणि वर तिला सुनावलं की लेकरांना म्हणावं गाडीखाली नाणं ठिवायला गेलात तर एखाद्या दिवशी बोट बी ठिवून येताल.

नाणं परत करायचं नाही हा त्यांचा नेम होता. चालणारी नाणी गल्ल्यात जायची. ज्यांच्याबद्दल गिऱ्हाइकाची समजूत घालावी लागेल अशी एका पत्र्याच्या डब्यात. आणि ज्यांचा छाप पार गेलाय, ती दुसऱ्या डब्यात, त्यांना आक्का 'पेन्शनवाली' म्हणायच्या. गरिबाला किंवा घाईत असलेल्या माणसाला त्या समजुतीचं नाणं कधी देत नसत. जो भाव करताना फार ताणायचा त्यालाच द्यायच्या. पेन्शनवाली नाणी घेऊन दोन-चार महिन्यांनी एसटीनं जिंतूरला जायच्या, बँकेत. तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा कुरकुर केली. आक्कांनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्याच घरची लेकरं हायेत. चुकली हुती, आणून घातली." साहेबांनी मुकाट्यानं शिपायाला बोलावलं.

दहाच्या नाण्याची तर आमच्याकडं वेगळीच तऱ्हा. कुणी तरी उठवलं की दहाच्या नाण्यावर दहा रेघा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं. कुणी उलटं सांगायचं. शेवटी सगळ्यांनी दहाचं नाणं घ्यायचंच बंद केलं. त्या दिवसांत पेडगावहून आक्कांचे मेव्हणे आले, भाजीचे पैसे म्हणून त्यांच्याकडं पिशवीभर दहाची नाणी साचलेली, तिकडं कुणी हात लावत नव्हतं. आक्कांनी त्यांना गल्ल्याशेजारी बसवलं आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही तऱ्हेची नाणी हातात देऊन फरशीवर टाकायला लावली. एका मास्तरांनी तरी शंका काढलीच, तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, बाईनं लुगडं बदललं म्हणून बाई बदलती का? आवाज ऐका." संध्याकाळपर्यंत मेव्हण्यांची पिशवी रिकामी झाली. दुसऱ्या दिवसापासून बाजारात म्हणू लागले, आक्का घेतात तर आपणबी घ्यावं.

मला त्यांनी शिकवलं ते असंच, काम करता करता. दाणे निवडताना पोत्याखाली चार नाणी सरकवायच्या आणि म्हणायच्या, न बघता सांग. आधी मला काहीच कळायचं नाही. मग कडेवरच्या खाचा बोटाला कळू लागल्या. जुना पाचचा ठोकळा जाड, हातात दगडासारखा बसतो. नवा पाच पिवळा, पातळ, त्याला लोहचुंबक लागत नाही, एक-दोनच्या नाण्याला लागतं. सालाच्या खाली चांदणी असली तर हैदराबादच्या टांकसाळीचं. आक्का म्हणायच्या, "आपल्याकडचंच हाय म्हण की." एक गोष्ट मात्र त्या पुन्हा पुन्हा बजावायच्या. नाणं धुवायचं नाही. अक्षराच्या खाचेत बसलेला मळ हीच त्याची हकीकत. ती धुऊन टाकली की नाणं कुठून आलं ते कुणाला कळायचं नाही.

आणि मी नेमकी तीच चूक केली.

आमच्या गल्लीच्या टोकाला महादेवाचं लहान देऊळ आहे. सरकारी पाटी लागलेली, लोक दुरून बघायला येतात ती जुनी देवळं वेगळी. हे गल्लीतलं. पूजा गुरवमामांकडं, त्यांच्या घरात ती वाडवडलांपासून. दानपेटीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. शिवरात्र झाली की पंच पेटी उघडायचे, मोजायचे, आणि सगळा खुर्दा आक्कांच्या दुकानात यायचा, आक्का त्याच्या नोटा द्यायच्या. शिवरात्रीची नाणी म्हणजे तेल, दूध, बेलाचा चीक, कापराची काजळी, सगळं थापलेलं. कुठलं नाणं काय रंगाचं हे दिसायचंसुद्धा नाही.

त्या वर्षी शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात एका नव्या बंगल्यातली सून दुकानात आली होती. सुट्टे परत घेताना म्हणाली, आक्का, तुमच्याकडची चिल्लर घेतली की हात धुवावे लागतात, साबणबी इथंच ठिवत जावा. आक्का जराही रागावल्या नाहीत. साबण दहाला हाय, देऊ का, एवढंच म्हणाल्या. पण ते बोलणं मला लागलं. आपल्या दुकानाला कुणी घाण म्हणावं हे मला सहन झालं नाही.

शिवरात्रीचा खुर्दा आला त्याच दिवशी आक्का भाचीच्या लेकराच्या बारशाला जिंतूरला गेल्या, एका मुक्कामासाठी. जाताना मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली. आठ वर्षांत पहिल्यांदा. ती किल्ली पदराला बांधून मी दुपारी पडवीत गेले, पिशवी उघडली आणि माझ्या मनात आलं, आक्का येईपर्यंत ही सगळी नाणी सोन्यासारखी करून ठेवावीत. देवाची भांडी जशी घासतो तशीच. तांब्याचं जुनं घंगाळ घेतलं, चिंच कोळली, मूठभर मीठ टाकलं, नाणी ओतली, आणि लोखंडी तारेची घासणी घेऊन बसले. चार-दोन घासली असतील तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला, पाहुणे आलेत, ये. घासणी घंगाळातच राहिली. दार लावून मी गेले ती दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

एक-दोनची नाणी चांगली पांढरी झाली होती. पिवळे पाच मात्र लाल. नव्या तांब्याच्या गडव्यासारखे लाल. घासणीला खेटून होते ते जास्त, लांबचे कमी. राखेनं घासले, मातीनं घासले, रंग जाईना. मग मी दुसरी चूक केली. समईतलं तेल आणि दिव्याची काजळी घेऊन सगळ्या नाण्यांवरून हात फिरवला, पुसून पिशवीत भरली, पिशवीचं तोंड होतं तसं बांधलं आणि दाणे निवडत बसले.

त्या दिवशी बाजार होता. आक्का दुपारी एसटीतून उतरल्या आणि त्यांच्या मागोमाग शेठजी आले, सुट्टे न्यायला. शेठजींचं कापडाचं दुकान, आणि देवळाच्या पंचांत तेच मोठे. आक्कांनी पिशवी सोडून मूठभर नाणी फरशीवर टाकली, डोळे मिटले, म्हणाल्या, पाचची हायेत. शेठजी म्हणाले, डोळे उघडून बघा. तेलकट काळ्या थराखाली तो लाल रंग चमकत होता.

शेठजींनी एकेक उचलून उन्हात धरलं. त्यांचं म्हणणं असं की हे तांब्याचे बिल्ले आहेत, पेटीतले खरे पाच काढून कुणीतरी हे टाकलेत, आणि पेटीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते. त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

आक्कांनी नखानं एक नाणं खरवडलं. खाली पिवळं निघालं. चुंबक लावलं, लागलं नाही. मग त्यांनी नाणं डोळ्याजवळ नेलं आणि बराच वेळ बघितलं. मला कळलं त्या काय बघतायत. काजळी वरवर होती, अक्षरांच्या खाचा स्वच्छ होत्या. त्यांनी मान वळवली आणि पडवीकडं बघून मला विचारलं, "ह्यांना पाणी लागलंय का गं?"

मी मान हलवली. नाही.

आक्का क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग शेठजींना म्हणाल्या, नाणी खरी हायेत, मी सगळी घेते, देवळाच्या नोटा तुमाला पुऱ्या मिळतील. शेठजी म्हणाले, "पैशाची गोष्ट न्हाई आक्का. देवाच्या पेटीची हाय. उद्या देवळात बसून ठरवू, पूजा कुणी करायची ते."

संध्याकाळी गुरवमामी तेल न्यायला दुकानात आल्या. रोज घटकाभर बोलत बसणारी बाई, त्या दिवशी बाटली पुढं करून उभी राहिली. जाताना आक्कांना एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी दुपारी ताटाला हात लावला न्हाई. पूजा गेली तर आमी काय करावं, आक्का? दुसरं काहीच येत न्हाई आमाला." मी पडवीत सूप हातात घेऊन बसले होते. त्यात एक दाणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर पंच बसले. गल्लीतले सगळे जमले, बाया खांबाच्या मागं. आक्का पुढं जाऊन बसल्या, नाण्यांची पिशवी मांडीवर. त्यांनी सरळ सांगितलं, ही नाणी सरकारी आहेत, आवाज खरा, कडा खरी, वजन खरं. रंगाचं तेवढं वेगळं झालंय.

शेठजींनी विचारलं, "रंग कशानं बदलला?"

आक्का म्हणाल्या, "माहीत न्हाई."

खरंच त्यांना ते माहीत नव्हतं. चिंचेनं घासलेली नाणी त्यांनी आयुष्यात शेकड्यानं बघितली असतील, पण लाल झालेली नाही. पण नाणी धुतली गेलीत एवढं त्यांना नक्की कळलं होतं. आणि कुणी धुतली, तेही. माझं नाव घेतलं असतं तर त्यांची सुटका होती. त्यांनी घेतलं नाही.

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, आक्का, फरशी बदला आता. दुसरा म्हणाला, फरशी ठीक हाय, कान म्हातारा झालाय. शेठजींनी हात वर करून सगळ्यांना गप केलं आणि म्हणाले, "तुमालाच माहीत न्हाई, तर खरी हायेत हे आमी कशावरून मानायचं? वरून रंग चढवलेलं नाणं खोटंच असतंय की." ज्या बाईच्या करंगळीवर बाजार चालायचा, ती खाली मान घालून पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होती. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात गुरवमामा उठले. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. ती दगडावर दोनदा वाजली.

मी उठून उभी राहिले. कशी राहिले ते मला अजून सांगता येत नाही. म्हणाले, "मी धुतली." पण ते माझं मलाच ऐकू आलं असेल. माणसं बोलतच होती. आक्कांनी मान वर केली आणि जोरात म्हणाल्या, "गप बसा सगळे. ती बोलायलीय."

सगळे गप झाले आणि वळून माझ्याकडं बघू लागले. मी खांबाला धरलं आणि सांगितलं. घंगाळ, चिंच, मीठ, घासणी. काजळी लावली तेही सांगितलं. आक्कांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले तेही. मामांचा यात काही संबंध नाही, पेटीतून निघाली तेव्हा नाणी जशी असतात तशीच होती.

शेठजी म्हणाले, "चिंचेनं पितळ पिवळं होतं, बाई. आमच्या घरी रोज घासतात. लाल कसं होईल? आक्कांच्या दुकानचं मीठ खाल्लंस म्हणून बोलायलीस."

मला राग आला. माझ्यावर कुणी काही बोललं तर मला रडू येतं, पण त्या दिवशी राग आला. मी म्हणाले, "तुमच्या खिशातलं पाचचं नाणं द्या. माझं नको, आक्कांचं नको. तुमचं द्या."

शेठजींनी खिशात हात घातला आणि एक पिवळं, नवं पाचचं नाणं काढून दिलं. देवळातच दुकानातलं ते तांब्याचं घंगाळ आणलं, गुरवमामींनी चिंच कोळली, मी मीठ टाकलं, घासणी ठेवली, आणि नाणं तिला टेकवून ठेवलं. त्यावर ताट झाकून शेठजींनी ते देवळाच्या खोलीत ठेवलं आणि आपल्या दुकानाचं कुलूप आणून लावलं. उद्या सकाळी सगळ्यांदेखत उघडू म्हणाले.

दुकानात परत आल्यावर आक्कांनी मला पुढं बसवलं. गिऱ्हाईक नव्हतं.

"धुवायचं न्हाई, माहीत हुतं ना?"

"हो."

"मग मी इचारलं तवा न्हाई कामून म्हणलीस?"

"भ्याले."

"कुणाला? मला?"

मी मान हलवली. हो. आक्कांनी तागडी पुसली, परत जागेवर टांगली. मग म्हणाल्या, "मग ह्यात माझी बी चूक हाय." आणि थोड्या वेळानं, "लाल झालं न्हाई तर?"

मी म्हणाले, होईल. पण मला खात्री नव्हती. पहिल्या वेळी ढीगभर नाणी होती, हे एकटंच. चिंच कमी पडली असेल, घासणी नवी असेल. नाणं पिवळंच निघालं तर मामांची पूजा गेली, आक्कांचा शब्द गेला, आणि मी सगळ्या गावादेखत खोटी. त्या दिवशी मी दुकानात जेवढ्या पुड्या बांधल्या, त्यातल्या निम्म्या सुटल्या. आक्का परत बांधत राहिल्या.

सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसं आली. शेठजींनी कुलूप काढलं, घंगाळ ओट्यावर आणलं. ताट उचललं तर पाणी गढूळ हिरवट झालेलं, तळ दिसेना. मी हात घालायला वाकले, तर शेठजी म्हणाले, थांब, मी काढतो. त्यांनी बाह्या सारल्या, हात घालून नाणं चाचपून काढलं आणि खांद्यावरच्या पंच्याला पुसलं.

अर्धं नाणं लाल होतं. घासणीला टेकलेली बाजू लाल, बाकीचं पिवळं, मध्ये दोन्हीचा मिसळलेला पट्टा. घंगाळाचं तांबं चिंचेच्या पाण्यात उतरून घासणीपाशी नाण्यावर चढलं होतं. शेठजींनी ते शेजारच्या माणसाला दाखवलं, त्यानं पुढच्याला. सगळ्या ओट्यावरून ते फिरलं. बायांच्या घोळक्यातही आलं. प्रत्येक जण उलटंपालटं करून बघत होता, आणि काही जणांनी तर आक्कांसारखे डोळे मिटून ते दगडावर टाकूनही बघितलं.

शेठजी उठले, उंबऱ्यावरची किल्ली घेतली आणि गुरवमामांपुढं धरली. म्हणाले, "मामा, चुकलं आमचं. घ्या." मामांनी किल्ली घेतली, आधी कपाळाला लावली, मग कमरेला बांधली. त्यांनी शेठजींकडं बघितलं नाही, पण बायांच्या बाजूला बघितलं आणि मला हात जोडले. मला कुठं बघावं कळेना. गुरवमामी मात्र पदर खोचून म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या घरची भांडी घासायला हिला बोलवू नका बरं. उद्या तिजोरी लाल निघायची." सगळे हसले. शेठजीही हसले, जरा उशिरानं.

आक्का आता नाहीत. दुकान त्यांच्या पुतण्यानं घेतलं, तिथं आता मोबाईलवर पैसे देतात, फरशीवर टाकायला फार कुणाच्या खिशात नाणं नसतं. तरी वाकडं-तिकडं, काळं-हिरवं झालेलं नाणं आलं की पुतण्या कुणाला तरी माझ्या घरी पाठवतो. मी हातातलं काम बाजूला ठेवते. पण मला आठवतात त्या त्या सकाळच्या आक्का.

माणसं उठायला लागली होती. शेठजींच्या हातात ते अर्धं लाल नाणं होतं. त्यांनी ते आक्कांपुढं धरून विचारलं, ही लाल नाणी आता बाजारात चालतील का, का बँकेत द्यावी लागतील. आक्का ओट्यावरून उतरून चप्पल घालत होत्या. त्यांनी नाण्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला कामून इचारता? मला माहीत नव्हतं, हे काल सगळ्यांनी ऐकलंय. जिला माहीत हाय तिला इचारा."

शेठजी वळले आणि नाणं माझ्याकडं केलं. सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. मी ते घेतलं, अंगठ्यानं कड बघितली, सालाखालची चांदणी बघितली, आणि म्हणाले, "चालतं."

शेठजींनी मान हलवली आणि ते नाणं खिशात घातलं.